पोरगा सुटला, तरी नागपूरचा कागद आला

जेवणं आटोपली असतील, तर हातातलं काम ठेवून जरा रेडिओजवळ बसा. आजचा विषय कोर्टाचा आहे, पण तो आपल्याच बैठकीतून निघाला.

मागच्या महिन्यात आसेगावला गटाचे हप्ते जमा करणं चाललं होतं. एक मावशी आत न येता दाराशीच उभी राहिली. पदराखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला नि माझ्या हातात दिला. "माहा पोरगा सुटला होता ना वं ताई. मंग हे कायचं आलं आता?" मावशी कुठल्या गावची, पोरगा कोणाचा, धाड कोणी घातली, हे मी सांगणार नाही. गोष्ट सांगायला तिनं परवानगी दिली, तेवढं पुरे.

कागद होता मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा. आपल्या वाशिम जिल्ह्याचं हायकोर्ट ते. पोराच्या मोटारसायकलवरच्या पिशवीत तीन किलोच्या वर गांजा सापडला, असा खटला होता. काही वर्षं तो चालला. पोरगा आधी आत, मग जामिनावर, मग तारखा. शेवटी कोर्टानं त्याची निर्दोष मुक्तता केली. मावशीनं गावात साखर वाटली. आणि नऊ महिन्यांनी हा कागद. सरकारनं त्या निकालावर अपील करायची परवानगी मागितली आहे, तुम्ही हजर राहा, असं त्यात लिहिलेलं.

मी वाचून दाखवत होते, तेवढ्यात आतून दुसरी बाई बोलली, "तो सुटला कसा, ते विचारा आधी. गांजापायी आमच्या गल्लीतली पोरं वाया चालली, त्याचं कोण पाहते?" बैठकीत एकदम शांतता. दोघी एकाच गटातल्या, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहिलेल्या. गटाच्या सचिवताईनं पेटी बंद केली नि म्हणाली, "ताई, हे नीट समजावून सांगा, नाहीतर गट फुटते." म्हणून आजचं हे बोलणं. ते दोघींसाठी आहे.

आधी मावशीचा प्रश्न. सुटलेल्या माणसावर पुन्हा खटला होतो का? नाही. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवायचा नाही, असं आपला कायदाच सांगतो. पण अपील म्हणजे नवा खटला नव्हे. तोच खटला वरच्या कोर्टात पुढं जातो. शिक्षा झाली तर आरोपी वर जातो, तसं सुटका झाली तर सरकारही वर जाऊ शकतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७८ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ४१९ झालं. आकडा बदलला, गाभा तोच राहिला.

या कलमात एक फरक आहे, तो मावशीला कोणीच सांगितला नव्हता. शिक्षा झालेला माणूस हक्कानं अपील करतो. सरकारला सुटकेविरुद्ध तसा थेट हक्क नाही. सरकारनं आधी हायकोर्टाची परवानगी काढायची. ती मिळाली तरच अपील ऐकलं जातं. मावशीच्या हातातला कागद त्या परवानगीच्या पायरीवरचा होता. पोरगा दोषी ठरला, असं त्यात कुठंही नव्हतं. तिनं मात्र दोन रात्री डोळा लावला नव्हता.

आता ही परवानगी किती सहज मिळते? यावर आपल्या महाराष्ट्रातलाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबईतला, अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा. विशेष न्यायालयानं आरोपीला सोडलं. महाराष्ट्र सरकार परवानगी मागायला मुंबई उच्च न्यायालयात गेलं. हायकोर्टानं परवानगी नाकारली, कारण खालच्या कोर्टाचा निकाल अगदीच विपरीत आहे असं त्याला दिसलं नाही. सरकार दिल्लीला गेलं. २००८ साली न्यायमूर्ती सी. के. ठक्कर यांच्या खंडपीठानं सांगितलं की परवानगीच्या वेळी सगळा पुरावा बारकाईनं चाळत बसायचं नसतं. बाजू मांडण्याजोगा मुद्दा आहे की नाही, एवढंच पाहायचं. सुटका पुढं टिकेल की उलटेल, हा नंतरचा प्रश्न. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडं परत पाठवलं. आरोपी दोषी आहे, असं त्यांनी ठरवलं नाही. म्हणून त्याचं नावही मी इथं घेत नाही.

पण याच न्यायमूर्ती ठक्कर यांनी आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, कर्नाटकातल्या चंद्रप्पा खटल्यात दुसरी बाजू बांधून दिली होती. अपील ऐकणाऱ्या कोर्टाला सगळा पुरावा नव्यानं तपासायचा पूर्ण अधिकार आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण सुटलेल्या माणसाच्या अंगावर निर्दोषपणाचं कवच दुहेरी असतं. कायदा प्रत्येकाला आधी निर्दोष धरतो, हे पहिलं. आणि पुरावा पाहून एका न्यायाधीशानं त्यावर शिक्का मारला, हे दुसरं. त्याच पुराव्यातून दोन रास्त निष्कर्ष निघत असतील, तर खालच्या कोर्टाचा निष्कर्ष वरच्या कोर्टानं बदलायचा नाही. आपण असतो तर वेगळं ठरवलं असतं, एवढं कारण पुरत नाही.

म्हणजे बायांनो, ओसरीवर येऊ देणं वेगळं आणि माजघरात नेणं वेगळं. सरकारला ओसरीवर येता येतं. माजघरापर्यंत जाणं अवघड असतं.

मग कोणत्या सुटका उलटतात? इथं मावशीला आणि त्या दुसऱ्या ताईला, दोघींनाही कान द्यावा लागेल. गांजाचा खटला नागपूरला हरत-जिंकत नाही. तो धाडीच्या दिवशी, रस्त्याच्या कडेला किंवा तुरीच्या धुऱ्यावर, पंचनामा लिहिताना ठरतो. वर जे जातं ते त्या दिवसाचे कागद.

हा कायदा १९८५ चा. गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, असं त्याचं लांबलचक नाव, सगळे एनडीपीएस म्हणतात. शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजा एक किलोहून कमी असेल तर तो अल्प प्रमाण धरतात, वर्षभरापर्यंत कैद. २० किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण, कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि किमान एक लाख दंड. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत. गांजाचं झाड लावलं तरी १० वर्षांपर्यंत. कापसात किंवा तुरीत दोन ओळी लावल्या तर कोणाला दिसणार, असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. आणि सातबारा बाईच्या नावावर, पेरणी नवऱ्याची, असं ज्यांच्या घरी आहे त्यांनी शेतात एक चक्कर मारावी. माल ताब्यात होता आणि तो असल्याचं माहीत होतं, अशा दोन्ही गोष्टींवर खटला उभा राहतो. पण 'मला ठाऊक नव्हतं' हे कोर्टात पटवून देईपर्यंत बाईचे किती दिवस जातात, ते विचारू नका.

शिक्षा इतकी जबर आहे म्हणून पोलिसांनी पाळायच्या पायऱ्याही कडक ठेवल्या आहेत. घरात माल असल्याची खबर मिळाली तर ती लिहून ठेवायची, ७२ तासांत वरिष्ठांना कळवायची. अंगझडती घ्यायची असेल तर आधी त्या माणसाला सांगायचं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेऊन मागायचा तुला हक्क आहे. हे कलम ५०. त्यातच म्हटलंय की बाईची झडती बाईनंच घ्यायची. हे वाक्य घरातल्या मुलींना पाठ करून ठेवायला सांगा. मग मालाचं वजन, सील, नमुना, दंडाधिकाऱ्यासमोर त्याची खातरजमा, आणि प्रयोगशाळेचा अहवाल.

राजस्थानातल्या एका अफूच्या खटल्यात पोलिसांनी आरोपींना दोन पर्याय द्यायचे तर तिसराही दिला, धाडीतल्याच एका अधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा. शिवाय दोन आरोपींना मिळून एकच नोटीस दिली. ते सुटले. सरकार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण २०१४ मध्ये तिथंही हरलं. प्रत्येकाचा हक्क प्रत्येकाला वेगळा सांगायचा, असं कोर्टानं बजावलं.

याउलट पंजाबात एका गाडीत पोत्यांतून अफूच्या बोंडांचा भुसा सापडला, ३४ किलोचं एकेक अशी सात पोती. खालच्या कोर्टानं शिक्षा दिली. हायकोर्टानं सोडलं, कारण अंगझडतीच्या वेळी कलम ५० पाळलं नव्हतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुटका उलटवली. कलम ५० माणसाच्या अंगझडतीपुरतं आहे, गाडीतल्या पोत्यांना ते लागत नाही, असं सांगितलं. पिशवीचंही तसंच. हातातली, खांद्यावरची पिशवी म्हणजे अंग नव्हे, हे २००५ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. दोन्ही खटले हिमाचल प्रदेशातले.

तेव्हा सुटका नुसत्या चुकीच्या कायद्यावर उभी असेल तर ती उलटते. पुराव्यातल्या खऱ्या शंकेवर उभी असेल तर टिकते. मावशीच्या पोराचा निकाल मी वाचला. कलम ५० चा मुद्दा त्यात होता, पण माल पिशवीत असल्यानं तो लंगडा आहे, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. खोटा धीर मी देत नाही. पण निकालात दुसरीही कारणं होती. पंचनाम्यातलं वजन आणि नंतरचं वजन जुळत नव्हतं. सील कोणाच्या ताब्यात होतं, याची नोंद नव्हती. आणि दोन पंचांपैकी एक कोर्टात म्हणाला, मी कोऱ्या कागदावर सही केली. दुसरा फितूर झाला.

नमुना दंडाधिकाऱ्यासमोर काढला नाही, एवढ्यावरच माणूस सुटतो का, यावरही कोर्टात बरीच ओढाताण झाली. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ती एक त्रुटी आपोआप खटला पाडत नाही, बाकीचा पुरावा मिळून काय दिसतं ते पाहायचं. म्हणून मावशीच्या वकिलानं एकाच मुद्द्याला लोंबकळून चालणार नाही.

"पण कायद्यात तर आरोपीनंच सिद्ध करायचं असतं ना?" असं आमच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं. अर्धं बरोबर आहे. या कायद्यात जवळ माल सापडला की काही गोष्टी आरोपीविरुद्ध गृहीत धरतात. पण माल त्याच्याच जवळ सापडला, तो गांजाच होता, सापडला तोच प्रयोगशाळेत गेला, हा पाया आधी सरकारनं घालायचा. सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या नूर आगा खटल्यात हे सांगितलं. पायाच कच्चा तर भिंत कशावर उभी राहणार?

आता त्या दुसऱ्या ताईचा प्रश्न. गावातल्या बायांना अपील करता येतं का? चोरी, मारहाण, खून यात ज्याचं नुकसान झालं त्याला, किंवा त्याच्या वारसाला, सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येतं. गांजा जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात कायद्याच्या भाषेतला असा पीडित सहसा नसतो, फिर्यादी सरकारच. त्यामुळे अपील करायचं की नाही, हे राज्य सरकार ठरवतं आणि सरकारी वकिलामार्फत दाखल करतं. मुदत निकालापासून ९० दिवस, निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा. म्हणून निकाल चुकीचा वाटत असेल तर बायांनी चावडीवर चर्चा करत तीन महिने घालवू नयेत. पहिल्याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांना आणि सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. मोर्चा काढून मात्र कोर्टाचा निकाल बदलत नाही, आणि बदलू नये असंच मी म्हणेन.

खरं तर तुमचं बळ त्याच्या कितीतरी आधी लागतं. खबर द्या. खबर कोणी दिली हे सांगायला कोर्टही अधिकाऱ्याला भाग पाडू शकत नाही, कलम ६८ मध्ये तसं संरक्षण आहे. अमली पदार्थांची माहिती देण्यासाठी केंद्र सरकारचा १९३३ हा फोन क्रमांक आहे, आणि व्यसन सुटावं म्हणून मदत हवी असेल तर १४४४६. पंच म्हणून बोलावलं तर टाळू नका, पण समोर वजन झाल्याशिवाय, सील लागल्याशिवाय आणि लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. पुढं कोर्टात जे पाहिलं तेच सांगा. त्या ताईला मी विचारलं, तुमच्या गल्लीतून पंच कोण गेलं होतं? ती गप्प झाली. फितूर झालेला पंच तिचाच चुलत दीर निघाला. सगळे हसले, ती नाही. मलाही हसू आलं नाही.

परत मावशीकडं येऊ. कागद आल्यावर काय करायचं? पहिलं म्हणजे तो घ्यायचा. बेलिफाला पाहून पोरगा वावरात पळाला तर कोर्ट वॉरंट काढू शकतं. सुटकेविरुद्ध अपील आलं की आरोपीला अटक करून आणायचा किंवा जामिनावर सोडायचा अधिकार हायकोर्टाला असतो. जो बोलावल्यावर येतो, त्याला जामिनासाठी तोंड वर करून मागता येतं.

दुसरं, जातमुचलक्याचा कागद शोधा. खटला संपायच्या आधी कोर्ट आरोपीकडून लिहून घेतं की वरच्या कोर्टानं बोलावलं तर हजर राहीन. तो मुचलका सहा महिने चालतो. मावशीच्या भावानं त्यावर जामीनदार म्हणून सही केली होती आणि त्याला वाटत होतं की आपलं शेत आता जप्त होणार. सहा महिने उलटून गेले होते. तो त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवला, असं मावशी म्हणाली.

तिसरं, तारखा मोजा. इथं नऊ महिने लागले होते, म्हणजे सरकारला उशीर माफ करा असा वेगळा अर्ज करावा लागला. त्याला विरोध करता येतो. कोर्ट बऱ्याचदा उशीर माफ करतं हे खरं, पण कारण विचारतं, आणि ते विचारलं जावं यासाठी आपला वकील उभा हवा.

वकिलाचं काय? मावशी म्हणाली, पहिल्या वकिलाला दिले त्याचंच कर्ज गटात फिरतंय. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, तुरुंगातले लोक यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पोरगा यांपैकी कशात बसत नसेल तरी उत्पन्न कमी असल्यास मिळतो, महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला तीन लाख आहे. वाशिमला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, नागपूरला हायकोर्टाचीच विधी सेवा उपसमिती आहे. १५१०० वर फोन केला तर रस्ता सांगतात. अर्जासोबत नोटीस, निकालाची प्रमाणित नक्कल आणि उत्पन्नाचा दाखला लागतो.

हायकोर्ट शेवटी अपील फेटाळू शकतं, पुन्हा खटला चालवायला सांगू शकतं किंवा शिक्षा देऊ शकतं. सुटका उलटवून १० वर्षं किंवा जास्त शिक्षा दिली, तर आरोपीला सर्वोच्च न्यायालयात हक्कानं अपील करता येतं. त्याहून कमी शिक्षा असेल तर तिथं परवानगी मागावी लागते.

मावशीनं हे सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हंजे किती वर्षं?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अपिलं पडून राहतात. पोराच्या लग्नाची बोलणी चालली होती, ती थांबली आहेत. पोरगा खरंच निर्दोष असेल तर ही वर्षं कोण भरून देणार? नसेल तर त्या गल्लीतल्या पोरांची वर्षं कोण भरून देणार? दोन्ही प्रश्न त्या खोलीत होते.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मावशी मंगरूळपीरला जाणार होती. तिला अर्ज भरता येत नाही. सोबत कोण जाईल, असं सचिवताईनं विचारलं. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग ती दुसरी ताईच म्हणाली, "मलेही तिथं काम आहे सोमवारी. सकाळच्या गाडीनं जाऊ."